वरण-भातापासून भाकरीपर्यंत: मराठी शाकाहारी स्वयंपाक पहिल्यांदाच शिकताना

नवा माणूस स्वयंपाक शिकायला लागला की पाककृती गोळा करत सुटतो. आज भरली वांगी, उद्या पुरणपोळी, परवा अळूवडी. प्रत्येक पदार्थाला चार नव्या वस्तू लागतात, त्या अर्ध्या वापरून कपाटात पडून राहतात आणि महिनाभराने घरात पुन्हा बाहेरचा डबा सुरू होतो. घरचा रोजचा स्वयंपाक असा शिकून होत नाही. त्याचा पाया फार थोडक्यात आहे: डाळ नीट शिजवता येणं, फोडणी जमणं, आणि भाकरी थापता येणं. पुढे कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ असा जो फरक पडतो तो बहुतेक तीन गोष्टींत असतो. आंबट कशाचं घातलंय, दाटपणा कशाने आणलाय आणि मसाला कुठला आहे. हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की दुसऱ्याच्या घरची आमटी जेवतानाच अर्धी कळते.

डबे भरणं

सुरुवातीला एवढंच आणा: तूरडाळ, मूगडाळ, बेसन, मटकी, तांदूळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, गूळ, चिंच, आमसुलं, शेंगदाण्याचं तेल आणि तूप. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, लाल तिखट, धने-जिरेपूड आणि गोडा मसाला. हिंगाची डबी वेगळी आणि घट्ट झाकणाची ठेवा, नाहीतर आठवड्याभरात जिऱ्यालाही हिंगाचाच वास येतो.

तांदळाबद्दल माझं मत ठाम आहे. वरण-भातासाठी बासमती नको. त्याचा दाणा सुटा राहतो आणि वरण ताटात एकीकडे, भात दुसरीकडे. इंद्रायणी किंवा आंबेमोहर घ्या; हे थोडे चिकट, सुवासिक आणि वरण धरून ठेवणारे. मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, पण तो तांदूळ रोज परवडला पाहिजे असं नाही. रोजच्यासाठी कोलमही चांगला.

गोडा मसाला पहिले काही महिने विकतच आणा. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, दालचिनी, लवंग, तमालपत्र, नागकेशर असे बरेच जिन्नस वेगवेगळे तेलात भाजायचे असतात, आणि एखादा करपला की सगळा मसाला कडू. ते काम नंतरचं. आणताना शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. सुकं खोबरं असल्यामुळे तो खवट होतो.

दाण्याचा कूट मात्र पहिल्या दिवसापासून घरी करा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर शेंगदाणे भाजायचे, साल चुरचुरून सुटायला लागलं की उतरवायचे, गार झाल्यावर हाताने चोळून पाखडायचे. मिक्सर एकसलग फिरवू नका, तेल सुटून गोळा होतो. थांबून थांबून फिरवा आणि जाडसरच ठेवा. कोशिंबीर, उसळ, भरली भाजी, साबुदाण्याची खिचडी, सगळीकडे तो लागणार आहे.

(एक गंमत: ज्याला आपण अस्सल पारंपरिक म्हणतो त्यातले शेंगदाणे, मिरची, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद हे सगळं मुळात मध्य-दक्षिण अमेरिकेकडचं. पोर्तुगीज आले त्यानंतरच हे जिन्नस आपल्याकडे पोचले. तेव्हा एखादी गोष्ट 'आपल्यात नसते' असं कोणी दटावलं तर फार घाबरू नका.)

पहिला आठवडा: कुकर

एक वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. कुकरच्या डब्यात डाळ, अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि तेलाचे दोन थेंब. तेलामुळे फेस कमी येतो. दुसऱ्या डब्यात एक वाटी धुतलेला तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. मऊ हवा असेल तर अडीच. कुकरच्या तळाला दोन पेले पाणी, त्यात डाळीचा डबा खाली आणि भाताचा वर. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वाफ आपली आपण जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर डाळ डब्याबाहेर येते आणि भात अर्धवट राहतो.

डाळ शिजलीच नाही, असं पहिल्या आठवड्यात हमखास होतं. कारणं साधारण तीन. डाळ जुनी असते. पाणी जड असतं, विशेषतः बोअरचं. किंवा तुम्ही घाईने चिंच, टोमॅटो किंवा आमसूल आधीच घातलेलं असतं. हा तिसरा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, कारण तो भाज्यांनाही लागू आहे: आंबटात डाळ आणि भाजी लवकर मऊ होत नाही. आंबट नेहमी शिजल्यानंतर.

शिजलेली डाळ रवीने किंवा पळीने घोटा, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि थोडं गरम पाणी घालून एक उकळी काढा. हे साधं वरण. याला फोडणी नाही. गरम भात, त्यावर वरण, वर तूप आणि लिंबाची फोड. याच्या जोडीला मेतकूट किंवा लोणचं असलं की एकट्या माणसाचं रात्रीचं जेवण झालं.

फोडणी

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. लहान लोखंडी कढलं घ्या. दोन चमचे तेल तापवा आणि मोहरीचे दोन-तीन दाणे टाकून बघा. दाणे लगेच तडतडले तर तेल तयार. नुसतेच तळाशी बसले तर थांबा. धूर निघायला लागला असेल तर तेल जास्त तापलंय, गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्या.

मोहरी घालून ती पूर्ण तडतडू द्या. न फुटलेली मोहरी जेवताना कडवट लागते. मोहरीचा आवाज कमी झाला की जिरे. ते काही सेकंदांत फुलतात. मग हिंग, मग कढीपत्ता. कढीपत्ता पुसून कोरडा केलेला असावा, नाहीतर तेल अंगावर उडतं. आच कमी करून हळद, आणि गॅस बंद केल्यावर लाल तिखट. हळद आणि तिखट सगळ्यात शेवटी, कारण ही दोन्ही क्षणात करपतात. करपलेल्या तिखटाचा ठसका आला की ती फोडणी टाकून द्या आणि नवी करा. दोन चमचे तेल वाचवायला जाऊन पातेलंभर आमटी वाया घालवण्यात अर्थ नाही.

लसूण घालायचा असेल तर तो जिऱ्यानंतर, ठेचून. मेथीचे दाणे घालायचे तर चार-पाचच, लालसर होईपर्यंत. काळे झाले की कडू. कोशिंबिरीला आणि कढीला फोडणी तुपाची असेल तर चव वेगळीच येते.

आमटी, आणि तिचे गावोगावचे प्रकार

तीन-चार जणांसाठी पाऊण वाटी तूरडाळ शिजवून घोटून घ्या. पातेल्यात फोडणी करून डाळ ओता, दीड-दोन वाट्या गरम पाणी घाला. उकळी आली की एक चमचा गोडा मसाला, दोन चमचे चिंचेचा कोळ, थोडा गूळ, मीठ. पाच-सात मिनिटं उकळू द्या, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. गोडा मसाला फोडणीत न घालता पाणी ओतल्यावर घाला. तो आधीच भाजलेला असतो, गरम तेलात पुन्हा पडला की त्याचा सुगंध जातो.

ही देशावरची, पुण्याकडची चिंच-गुळाची आमटी. हीच महिनाभर करा, रोज एखादी गोष्ट बदलून.

चिंचेऐवजी चार आमसुलं टाका, ओलं खोबरं वाटून लावा, गोडा मसाला कमी करा. आमटी कोकणाकडे सरकली. आमसुलांना मीठ लावलेलं असू शकतं, म्हणून मीठ शेवटी चाखून घाला. कोकणात आणि गोव्याच्या बाजूला तूरडाळीत तिरफळंही घालतात. ती वापरताना आतलं काळं बी काढून टाकायचं, नुसती टरफलं जराशी ठेचून उकळत्या आमटीत सोडायची आणि जेवताना बाजूला काढायची. चार-पाच पुरतात, जास्त झाली तर जीभ बधिर होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे आणि तिथला माल मऊ, काळसर-जांभळा असतो. कोरडी, कडक झालेली आमसुलं घेऊ नका.

कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे गोड्या मसाल्याची जागा कांदा-लसूण मसाला घेतो आणि गूळ जवळजवळ जातोच. फोडणीत लसूण आणि कांदा परतून घ्या, मसाला अर्धाच चमचा घालून बघा; त्याचा तिखटपणा घराघरांत वेगळा असतो. मराठवाड्यात येसर असतो: धान्यं आणि डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळत्या फोडणीत ओतलं की डाळ न शिजवताच दाट आमटी तयार होते. घरात काहीच नसेल त्या दिवशी येसरासारखा आधार नाही. विदर्भातली डाळभाजी म्हणजे पालक, तुरीची आणि हरभऱ्याची डाळ, भिजवलेले शेंगदाणे, आणि वरून लसूण-सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. लग्नाच्या पंगतीत ती पातेलीच्या पातेली संपते.

कढी हा आमटीचाच भाऊ, पण तिची एक अट आहे. ताकात बेसन आधी, थंड असतानाच घुसळून घ्यायचं आणि मग गॅसवर ठेवायचं. दोन वाट्या ताकाला दीड चमचा बेसन. सतत ढवळा आणि नुसती वाफाळू द्या. खळखळून उकळली तर कढी फुटण्याचा धोका असतो.

भाज्या

रोजच्या भाज्या चार पद्धतींत बसतात. परतून केलेली कोरडी (भेंडी, गवार, कोबी), पीठ पेरून (मेथी, सिमला मिरची, कांद्याची पात), रस्सा (बटाटा, वांगं, फ्लॉवर) आणि भरली. कोरड्या भाजीत पाणी घालायचा मोह आवरा. झाकणावर पाणी ठेवलं की भाजी वाफेवर शिजते आणि खाली लागत नाही. भेंडीला झाकणच नको.

पीठ पेरताना बेसन चिमटीने भुरभुरवा, वर थोडं तेल सोडा आणि झाकण ठेवून दोन-तीन वाफा काढा. बेसन कच्चं राहिलं की भाजी टाळूला चिकटते.

भरल्या वांग्यांसाठी लहान, देठ हिरवे असलेली वांगी घ्या. देठ ठेवून चार चिरा द्या आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळी पडत नाहीत. सारण: अर्धी वाटी दाण्याचा कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, दोन चमचे सुकं खोबरं, एक चमचा गोडा मसाला, तिखट, मीठ, गूळ आणि चिंचेचा कोळ. इथे चिंच आधीच जाते, म्हणून वांगी कोवळीच हवीत. जून वांगं घेतलंत तर चिंच सारणात न घालता शेवटी रश्शात घाला.

खानदेशी भरिताचं वांगं वेगळं. जळगावकडची फिकट हिरवी, मोठी वांगी तिथे कपाशीच्या किंवा तुरीच्या काटक्यांवर भाजतात. घरी गॅसच्या आचेवर भाजा, पण वांग्याला सुरीने टोचे द्या आणि तेलाचा हात लावा. टोचे न देता भाजलेलं वांगं फुटतं आणि मग शेगडी साफ करण्यात संध्याकाळ जाते. सोलून ठेचा, त्यात हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वर तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची.

पालेभाज्यांत अळू आणि अंबाडी या दोघींना वेगळी वागणूक लागते. अळू घशाला खाजवतं, म्हणून ते पूर्ण शिजवायचं आणि त्यात चिंच किंवा आमसूल घालायचंच. चिरताना हाताला तेल लावा. अंबाडी मुळातच आंबट. ती उकडून पाणी पिळून काढतात आणि तूरडाळ व ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून वर लसणाची फोडणी देतात. ही मराठवाडा-विदर्भाची भाजी, भाकरीबरोबरच खायची. पावसाळ्यात बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं येतात. विकणाऱ्या बाईंना 'कशी करायची?' असं विचारा, त्या नीट सांगतात. ओळखीशिवाय रानातून स्वतः खुडून आणू नका.

उसळ

मटकी सकाळी भिजत घाला, रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी अर्धा-एक दिवस लागतो. पुरचुंडी उबदार कोपऱ्यात झाकून ठेवा. चिकट झाली किंवा वास आला तर टाकून द्या. मोडाची मटकी कुकरला लावू नका, तिचा लगदा होतो. फोडणीत कांदा परतून, गरम पाणी घालून, झाकणाखाली पंधरा मिनिटांत शिजते. वालाचं बिरडं करायचं तर मोड आल्यावर वाल कोमट पाण्यात टाकून सोलावे लागतात. काम किचकट आहे, चार हात असतील त्या दिवशी करा.

भाकरी

पोळी आधी शिकावी की भाकरी? मी भाकरी म्हणेन. तिला मळून मुरवत ठेवावं लागत नाही, तेल लागत नाही, आणि एकदा हात बसला की चार जणांच्या भाकऱ्या पटकन होतात. हात बसेपर्यंत मात्र त्या फाटणार.

पिठावरच अर्धं यश ठरतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ ताजं नसलं की त्याची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते आणि भाकरी कडेने चिरते. ज्वारी आणून एकावेळी किलो-दोन किलोच गिरणीत बारीक दळून आणा. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पांढरी आणि गोडसर असते. मंगळवेढ्याची मालदांडी त्यात नावाजलेली. बाजरीचं पीठ तर आठवड्याभरातच कडू व्हायला लागतं. ते थोडंच दळा आणि थंडीत खा.

नव्या हातासाठी उकड काढणं सगळ्यात सोपं. एक वाटी पाणी मीठ घालून उकळा, गॅस बंद करून एक वाटी पीठ घाला, हलवून झाकण ठेवा. दहा मिनिटांनी परातीत काढून, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळा. सैल वाटलं तर कोरडं पीठ, भेगा पडल्या तर पाण्याचा हात. लिंबापेक्षा मोठा गोळा घ्या, परातीत पीठ भुरभुरवा आणि बोटांनी थापत थापत फिरवा. भाकरी फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय. मधे जाड आणि कडेला पातळ होऊ देऊ नका; फुगणारी भाकरी सगळीकडे सारखी असते. पहिल्या काही दिवसांत वीतभर व्यासाचीच करा.

लोखंडी तवा चांगला तापला पाहिजे. भाकरी उचलून, पीठ लागलेली बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी वाळत आलं, पण पूर्ण वाळलं नाही, तेव्हा उलटा. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. पाणी पूर्ण वाळल्यावर उलटली तर चिरा पडतात, फार ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते.

भाकरीबरोबर पिठलं हवंच. अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. लसूण, मिरची, कांद्याची फोडणी करून ते हळूहळू ओता आणि हलवत राहा. कोकणात बेसनाऐवजी कुळथाचं पीठ घेतात आणि त्यात आमसूल टाकतात. पावसात भातावर ते जास्त चांगलं लागतं.

डावी बाजू आणि उरलंसुरलं

काकडीची कोशिंबीर: काकडी चोचवून घ्या, दाण्याचा कूट, लिंबू, साखर, मीठ, वर मिरचीची फोडणी. मीठ वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर पाणी सुटून ती ताटभर पसरते. जवस, तीळ, कारळे यांच्या कोरड्या चटण्या रविवारी एकदा कुटून ठेवा. दोन-तीन आठवडे टिकतात.

रात्री भाकरी उरली तर सकाळी कुस्करून, कांदा घालून फोडणीला टाका आणि ताकाचा हबका मारा. आमटी उरली तर तिच्यात कणकेच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या चकत्या सोडून वरणफळं करा. आधी आमटीत दोन वाट्या पाणी वाढवा, फळं खूप पाणी पितात. भात उरला तर तो तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर रात्रभर राहू देऊ नका, आणि सकाळी फोडणीचा भात करताना आतपर्यंत वाफ येईल असा गरम करा.